माळावरची वीज आणि उसने निकष

सौरऊर्जेच्या प्रकल्पांविषयी अलीकडे एक नवा सल्ला वारंवार ऐकू येऊ लागला आहे. प्रकल्पाच्या आवारात रानफुले पेरा, कुंपणाच्या कडेने झाडे लावा, पक्ष्यांसाठी लाकडी घरटी टांगा. म्हणजे वीजही मिळेल आणि वन्यजीवांनाही आसरा मिळेल. सल्ला ऐकायला चांगला आहे आणि ज्या देशांत तो जन्मला तेथे तो बऱ्याच अंशी खराही ठरला आहे. पण बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या मुरमाड माळावर तोच सल्ला जसाच्या तसा आणून ठेवला, तर त्याचा परिणाम उलटा होण्याचा धोका आहे. हे असे का, ते तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. विज्ञान शिकवणाऱ्यांना यात एक जुनाच धडा नव्या रूपात सापडेल : कोणताही निष्कर्ष ज्या तुलनेतून निघाला, त्या तुलनेपासून तोडून तो वापरता येत नाही.

प्रथम एक खुलासा. आमचा सौरऊर्जेला विरोध नाही. कोळसा जाळून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड कमी झालाच पाहिजे, आणि महाराष्ट्रासारख्या उन्हाच्या प्रदेशात सूर्याकडून वीज घेणे हा त्याचा सरळ मार्ग आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तर हा प्रश्न आणखी जवळचा आहे. शेतीपंपाला रात्री वीज मिळते म्हणून अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत दारे धरायला जावे लागते, हे बागायती गावांतल्या कोणालाही सांगायला नको. दिवसा वीज देण्यासाठी राज्य सरकारने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा, मोठा टप्पा आखला. हेतू स्तुत्य आहे. प्रश्न आहे तो जागेचा, आणि त्या जागेकडे पाहण्याच्या दृष्टीचा.

तुलना कशाशी?

सौरप्रकल्पात वन्यजीव वाढतात, हे विधान कोठून आले ते पाहू. ब्रिटनमध्ये २०१४ साली बीआरई या संस्थेच्या राष्ट्रीय सौर केंद्राने प्रकल्प उभारणाऱ्यांसाठी एक जैवविविधता मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पॅनेलांच्या ओळींमध्ये रानफुलांची कुरणे करा, बांधावरची झुडपांची कुंपणे जपा, गवत केव्हा कापावे आणि मेंढ्या केव्हा सोडाव्यात याचे वेळापत्रक ठेवा, अशा सूचना तिच्यात आहेत. पुढे अशा व्यवस्थापनाची फळेही मोजली गेली. ब्रिटनमधील आरएसपीबी ही पक्षीसंरक्षण संस्था आणि केंब्रिज विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विविध अधिवास राखलेल्या सौरप्रकल्पांत शेजारच्या शेतजमिनीच्या जवळजवळ तिप्पट पक्षी आढळले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात दोन सौरप्रकल्पांवर देशी गवते आणि फुलझाडे लावून पाच वर्षे निरीक्षणे घेतली, तेव्हा कीटकांची एकूण संख्या सुमारे तिप्पट झाली आणि देशी मधमाश्या तर वीसपट वाढल्या.

हे आकडे खरे आहेत. पण तिप्पट म्हणजे कशाच्या तिप्पट? ब्रिटनमध्ये तुलना होती ती नांगरलेल्या, कीटकनाशके फवारलेल्या, एकाच पिकाच्या शेताशी. त्या देशातील रानफुलांच्या कुरणांपैकी सुमारे ९७ टक्के कुरणे १९३० च्या दशकानंतर नष्ट झाली आहेत. मिनेसोटातील जागाही पूर्वी शेतीखाली होत्या. जेथे आधी जवळजवळ काहीच उरले नव्हते, तेथे गवत आणि फुले परत आणली की जीवसृष्टी वाढणारच. रिकाम्या भांड्यात चार वाट्या पाणी ओतले तर पाणी वाढले असे म्हणता येते. भरलेले भांडे उपडे करून त्यात पुन्हा चार वाट्या ओतल्या, तर तसे म्हणता येईल काय?

बारामती-इंदापूरचा माळ हे भरलेले भांडे आहे. तेथे सौरप्रकल्प येतो तो बहुधा नांगराखालच्या शेतावर नव्हे. गायरानावर, कुरणावर, मुरमाड टेकाडावर येतो. म्हणून त्याची तुलना शेजारच्या उसाच्या फडाशी करून चालणार नाही. तुलना व्हायला हवी ती कालपर्यंत त्याच जागी असलेल्या माळाशी.

माळ म्हणजे मोकळी जागा नव्हे

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा प्रदेश. वर्षाकाठी पाऊस साधारण ५०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. खाली काळा पाषाण, वर वीतभर मुरूम. अशा जमिनीवर घनदाट जंगल होत नाही. होते ते गवत आणि त्यात विरळ विखुरलेली हिवर, बाभूळ, बोर अशी काटेरी झाडे. वर्षातले सहासात महिने हा माळ पिवळा, वाळलेला दिसतो आणि येणाजाणाऱ्याला तो उजाड वाटतो. पण कुसळी, पवन्या, मारवेल ही बहुवर्षायू गवते तेव्हा मेलेली नसतात. त्यांचा जीव मुळांत असतो. पहिल्या वळवाबरोबर ती पुन्हा फुटतात.

या गवतावर आणि त्यातल्या उघड्या जमिनीवर एक संपूर्ण परिसंस्था उभी आहे. चिंकारा, लांडगा, तरस, खोकड हे तिच्यातले मोठे प्राणी. चंडोल, माळटिटवी, धाविक, पखुर्डी हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. त्यांना झाड लागत नाही, झाडाची अडचणच होते. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून भोवत्या ससाणे येतात आणि गवतातले टोळ, उंदीर टिपतात. पंख्यासारखी गळपिशवी फुगवणारे सरडेही इथलेच. त्यांतील एका गटाला २०१६ मध्ये नवी प्रजात म्हणून शास्त्रीय नाव दिले गेले, तेव्हा ते आपल्या मराठी शब्दावरूनच ‘सारडा’ असे ठेवण्यात आले.

या संपत्तीची दखल घेतली गेलेलीच नाही असेही नाही. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. चिंकाऱ्यांसाठी १९९७ मध्ये ते जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर आहे. वन विभागाने २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे खास गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. लोक पैसे देऊन लांडगा आणि खोकड पाहायला माळावर जाऊ लागले. आता योगायोग पाहा. त्याच शिर्सुफळच्या नावाने महानिर्मिती कंपनीचा ५० मेगावॅटचा सौरप्रकल्पही ओळखला जातो. एकाच गावाचा माळ एका खात्याच्या कागदावर वन्यजीवांचे घर आहे आणि दुसऱ्या खात्याच्या कागदावर वीजनिर्मितीस योग्य अशी मोकळी जमीन. हा केवळ दोन खात्यांतला विसंवाद नाही. त्यामागे एका शब्दाचा मोठा इतिहास आहे.

‘पडीक’ कोणाच्या लेखी?

इंग्रजी अमदानीत जमिनीची प्रतवारी महसुलासाठी झाली. जी जमीन सारा देत नाही ती पडीक, असा सरळ हिशेब होता. त्या जमिनीवर गुरे चरत, धनगरांचे वाडे उतरत, सरपण आणि औषधी मुळ्या मिळत. पण सरकारी तिजोरीत त्यातले काही पडत नसे. इंग्रज गेले, हिशेब राहिला. केंद्र सरकारचा भूसंसाधन विभाग उपग्रहांच्या प्रतिमांच्या साहाय्याने पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध करतो. त्याच्या २०१९ च्या आवृत्तीनुसार देशाचा १६.९६ टक्के भूभाग, म्हणजे ५ कोटी ५७ लाख हेक्टरांहून अधिक जमीन, ‘पडीक’ ठरते. झुडपी जमिनी आणि चराऊ कुरणांतले काही प्रकारही त्यातच मोडतात.

या संग्रहावर आमचा आक्षेप त्याच्या तांत्रिक दर्जाबद्दल नाही. उपग्रहाने टिपलेले चित्र बरोबरच असेल. आक्षेप आहे तो चित्राखाली लिहिलेल्या नावाबद्दल. उपग्रहाला दिसते ते इतकेच, की येथे झाडांचे छत्र नाही आणि पीकही नाही. यावरून ‘ही जमीन बिघडलेली आहे’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे एखाद्याच्या अंगावर कोट नाही म्हणून तो आजारी आहे असे ठरवणे होय. वाळवंटाकाठच्या आणि पर्जन्यछायेतल्या प्रदेशांत झाडांचे छत्र नसणे हीच निसर्गस्थिती असू शकते. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये भारतातील अशा नैसर्गिक खुल्या परिसंस्थांचा नकाशा तयार केला. देशाचा सुमारे दहा टक्के भूभाग त्यांत येतो आणि त्यातला पाच टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रांत आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. पूर्वी येथे जंगल होते, ते तोडल्यामुळे माळ झाला. मग माळ हीच बिघडलेली अवस्था नव्हे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मराठी वाङ्मयातूनच शोधले गेले आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम महाराष्ट्रातील जुने मराठी ग्रंथ, लोककथा आणि ओव्या तपासून त्यांतील वन्य वनस्पतींचे उल्लेख वेचले. तेराव्या शतकापर्यंत मागे जाणाऱ्या या साहित्यात ४४ वन्य वनस्पती सापडल्या, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक वनस्पती विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशाच्या निदर्शक आहेत. म्हणजे आपला माळ निदान साडेसातशे वर्षे तरी माळच आहे. तो जंगलाचे प्रेत नाही.

जागेच्या या नावातून पुढचे सगळे निर्णय ओघाने येतात. सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्रांच्या जवळची सरकारी जमीन नाममात्र भाड्याने मिळते. खासगी जमिनीला मात्र हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ द्यावी लागते. साहजिकच गायरानाकडे ओढा वाढतो. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. योजनेचे उद्दिष्ट आता १६,००० मेगावॅटचे आहे. गुणाकार केला तर ६४ ते ८० हजार एकर, म्हणजे सुमारे २६० ते ३२० चौरस किलोमीटर जागा होते. मयूरेश्वर अभयारण्याची पन्नास ते साठ पट! ही सगळी जागा माळरानाची असणार नाही, हे उघड आहे. पण तिचा थोडा हिस्सा जरी माळावर आला, तरी संरक्षणाखालच्या माळापेक्षा तो कितीतरी अधिक भरतो.

आणि हे होत असताना जागेवर आधी काय होते हे लिहून ठेवण्याची सक्ती कोणावरही नाही. पर्यावरणावरील परिणामांचे मूल्यांकन करण्याविषयीची २००६ ची अधिसूचना सौर पॅनेलांच्या प्रकल्पांना लागू होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांची रंगवार वर्गवारी केली, तेव्हा सौरवीजनिर्मितीला ‘पांढऱ्या’ वर्गात, म्हणजे प्रदूषण जवळजवळ न करणाऱ्यांत, ठेवले. प्रदूषणाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण धूर न सोडणे वेगळे आणि जागा न व्यापणे वेगळे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की आधीची नोंद राहत नाही, आणि आधीची नोंद नसेल तर नंतर ‘येथे पक्षी वाढले’ असे कोणीही म्हणू शकतो.

उसन्या सूचना, एकेक करून

आता त्या मूळ सल्ल्यातील एकेक सूचना आपल्या माळावर ठेवून पाहू.

रानफुले पेरा. कोणती? बाजारात ‘रानफुलांचे बी’ म्हणून सहज मिळते ते बहुधा परदेशी शोभेच्या झाडांचे. पिवळ्या-नारिंगी फुलांच्या कॉसमॉसने पुणे परिसरातल्या किती टेकड्या व्यापल्या आहेत ते पाहावे. गाजरगवताचा अनुभव तर आपल्याला १९५० च्या दशकापासून आहे. जमीन सपाट करण्यासाठी वरचा थर खरवडला की पहिल्यांदा हजर होते ते हेच तण. ‘हिरवे झाले’ एवढ्यावर समाधान मानले तर गाजरगवताचे आवारही जैवविविधतेच्या खात्यात जमा होईल.

कडेने झाडे लावा. इंग्लंडमधल्या शेतबांधावर झुडपी कुंपण ही परंपरागत गोष्ट आहे आणि अनेक पक्षी तिच्यावर अवलंबून आहेत. आपल्या माळावर उंच झाडांची रांग म्हणजे कावळ्यांना टेहळणीची जागा. जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीला आणि धाविकाला त्याचा फायदा कसा होणार? टांगलेल्या लाकडी घरट्यांचेही तेच. चंडोल त्यांत कधीच जाणार नाही.

पॅनेलांखाली गवत वाढू द्या. सूचना चांगली आहे, पण तिलाही मर्यादा आहे. इंग्लंडमधील वेस्टमिल येथील सौरप्रकल्पात केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हाळ्यात पॅनेलांखालची जमीन ५.२ अंश सेल्सियसपर्यंत थंड राहत असल्याचे दिसले. तेथे वनस्पतींची विविधता आणि वाढही कमी होती. आपली माळावरची प्रमुख गवते सी-फोर पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात. भरपूर ऊन आणि उष्णता यांत कमी पाण्यावर अधिक अन्न तयार करणे हे त्यांचे वैशिष्ट्य. कायमच्या सावलीत त्यांचा हा फायदा जातो आणि सावली सोसणारी वेगळीच झाडे शिरतात. पावसाचे पाणीही पॅनेलाच्या खालच्या कडेवरून धारेने एकाच रेषेत पडते. उथळ मुरमावर त्याचे चर पडायला वेळ लागत नाही. सावलीचा उपयोग होतो तो काही पिकांना. अ‍ॅरिझोनातील कोरड्या प्रदेशात पॅनेलांखाली लावलेल्या मिरचीचे आणि टोमॅटोचे उत्पन्न वाढल्याचे २०१९ मध्ये दिसून आले. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेनेही असे प्रयोग केले आहेत. पण मिरचीला मानवते ते पवन्याला मानवेलच असे नाही.

नंतर माळ पुन्हा तयार करू. हे सर्वांत धोक्याचे आश्वासन. नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी २०२० मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नांगरून किंवा उखडून पुन्हा उगवलेल्या गवताळ जागांत जुन्या, अस्पर्श गवताळ प्रदेशांच्या मानाने वनस्पतींच्या जाती ३७ टक्क्यांनी कमी आढळल्या, आणि ही तूट भरून यायला निदान शतक लागते असा त्यांचा अंदाज आहे. सौरप्रकल्पाचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे धरले जाते. हिशेब जुळत नाही.

मेंढ्या सोडा. ही मात्र आपल्याकडे विचार करण्याजोगी सूचना आहे, कारण मेंढपाळ येथे आधीपासूनच आहेत. आज होते ते उलटे. गायरानाला कुंपण पडते, कळप उरलेल्या माळावर दाटतात, तेथील गवत संपते. लांडगाही या भागात बऱ्याच अंशी शेळ्या-मेंढ्यांवर जगतो. त्याची आणि धनगरांची गाठ आता लहान जागेत अधिक वेळा पडते. कुंपणाच्या आत किती पक्षी दिसले हे मोजणाऱ्या अहवालात कुंपणाबाहेरच्या या ओढाताणीला रकानाच नसतो.

संख्या वाढली म्हणजे भले झाले का?

येथे आपल्याच महाराष्ट्रातील एक अभ्यास फार उपयोगी पडतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी तेथे पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या जागांची तुलना केली आणि निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते. आणि पंखेवाले सरडे? ते उलट अधिक होते. शिकाऱ्याची भीती कमी झाल्याने त्यांचे वागणे आणि शरीरातील ताणाचे प्रमाणही बदलले होते.

आता समजा, कोणी फक्त सरडे मोजले असते, तर ‘पवनचक्क्यांमुळे वन्यजीवांत वाढ’ असा मथळा सहज देता आला असता. आकडा खरा आणि अर्थ खोटा! अन्नसाखळीतला वरचा दुवा निखळला की खालचा फुगतो. त्याला परिसंस्थेचे आरोग्य म्हणत नाहीत. सौरप्रकल्पात साळुंक्या, होले, मैना वाढल्या आणि भोवत्या ससाणे, धाविक नाहीसे झाले, तर एकूण पक्षीसंख्या वाढूनही माळाचे नुकसानच झालेले असेल. म्हणून ‘किती’ याच्याबरोबर ‘कोण’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मग करावे काय?

टीका करून मोकळे होणे सोपे असते. परंतु वीज लागणार आहे, पॅनेलेही बसणार आहेत. तेव्हा क्रम लावणे भाग आहे.

पहिला प्रश्न जागेचा. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून नीरा डावा कालवा जातो. कालव्याच्या पाण्याच्या अतिवापराने या भागात क्षारपड आणि चोपण झालेल्या जमिनी आहेत. ज्यांवर पीक नीट येत नाही अशा या जमिनी खऱ्या अर्थाने बिघडलेल्या आहेत. पॅनेलांसाठी त्यांचा विचार आधी व्हावा. कालव्यांवर पॅनेले टाकण्याचा प्रयोग गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात २०१२ मध्येच झाला आहे. कारखान्यांची, गोदामांची, शाळा-महाविद्यालयांची छपरे आहेतच. हे मार्ग खर्चाला थोडे अधिक पडतील. परंतु माळाची किंमत शून्य धरली म्हणूनच ते महाग दिसतात, हे विसरू नये.

दुसरा प्रश्न, जेथे प्रकल्प झालेलेच आहेत तेथे काय करावे. जमीन सपाट न करता खांब रोवता येतात. तणनाशकाऐवजी पावसाळा संपून गवताचे बी गळाल्यावर कापणी करता येते आणि त्यासाठी गावच्या मेंढपाळांना ठरलेल्या दिवसांत प्रवेश देता येतो. वाळलेल्या गवताला आग लागण्याची भीतीही त्याने कमी होते. कॅलिफोर्नियातील टोपाझ सौरप्रकल्पात तेथील लहान खोकडांना जाता-येता यावे म्हणून कुंपणाची जाळी जमिनीपासून काही इंच वर ठेवली गेली. आपल्या खोकडांसाठी आणि सशांसाठी हा उपाय सहज करता येईल. लांडगा आणि चिंकारा यांना मात्र एवढी फट पुरणार नाही. त्यांच्यासाठी प्रकल्पाचे तुकडे पाडून मध्ये रुंद मोकळे पट्टे सोडले पाहिजेत.

इंदापूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. उजनीचे जलाशयक्षेत्र आणि भिगवणचे पाणपक्षी जवळच आहेत. काळ्या गुळगुळीत पॅनेलावरून परावर्तित होणारा प्रकाश पाण्यावरच्याप्रमाणेच आडव्या दिशेने ध्रुवित असतो. हंगेरीच्या गाबोर होर्वाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले, की पाण्यात अंडी घालणारे काही कीटक पॅनेलालाच पाणी समजून त्यावर उतरतात, अंडीही घालतात आणि ती वाया जातात. पॅनेलावर पांढऱ्या रेषांची चौकट आखली की ही फसगत बरीच कमी होते. ही सुधारणा पॅनेल तयार करतानाच करता येते. विजेच्या तारांचा प्रश्नही त्यातलाच. राजस्थान व गुजरातेतील माळढोकांसाठी तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आणि २०२४ मध्ये त्यात बदल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. ज्या महाराष्ट्राने १९७९ मध्ये माळढोकासाठी नान्नजचे अभयारण्य केले, त्या राज्यातून तो पक्षी जवळजवळ नाहीसा झाला. पक्षी गेल्यावर तारांची चर्चा करण्यात अर्थ नसतो.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट : कायद्याने मागितली नसली तरी आधीची नोंद. ती कोण ठेवणार?

हे काम शाळा करू शकते

शास्त्रज्ञ अशा अभ्यासाची आखणी चार घरांच्या तक्त्याने करतात. एका बाजूला ‘आधी’ आणि ‘नंतर’, दुसऱ्या बाजूला ‘प्रकल्पाची जागा’ आणि ‘प्रकल्प नसलेली तशीच जागा’. चारही घरे भरली तरच बदल प्रकल्पामुळे झाला की त्या वर्षी पाऊसच कमी होता, हे सांगता येते. तीनच घरे भरून काढलेला निष्कर्ष लंगडा. आठवी-नववीच्या मुलांना प्रयोगातील नियंत्रणाची कल्पना शिकवण्यासाठी याहून जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल.

साधने साधी आहेत. एक मीटर लांबी-रुंदीची दोरीची चौकट करावी. गावच्या गायरानात ठरावीक दहा जागी ती टाकून आतल्या गवताचे आणि झुडपांचे प्रकार मोजावेत. शास्त्रीय नावे येत नसतील तर गावातल्या मेंढपाळांना विचारावे. त्यांना गवतांची नावे आणि कोणते गवत जनावर आधी खाते हे दोन्ही ठाऊक असते. सकाळी एकाच जागी दहा मिनिटे शांत उभे राहून दिसलेले आणि ऐकू आलेले पक्षी लिहावेत. चिंकाऱ्याच्या लेंड्या, खोकडाची बिळे, मुंग्यांची वारुळे यांची नोंद करावी. श्रावण, कार्तिक आणि चैत्र अशा तीन वेळा हे केले की माळाची तिन्ही रूपे वहीत येतात. शेजारी सौरप्रकल्प असेल तर कुंपणाच्या बाहेरून आणि शक्य असल्यास परवानगी घेऊन आत हीच मोजणी करावी. पक्ष्यांच्या घरट्यांना आणि लांडग्यांच्या बिळांना मात्र जवळ जाऊन त्रास देऊ नये, हे मुलांना आधीच बजावावे.

अशा वहीचे मोल पुढे कळते. गायरान प्रकल्पासाठी देण्याचा विषय ग्रामसभेपुढे येतो, तेव्हा ‘तिथे काय आहे, नुसता माळ’ एवढे एकच वाक्य बोलले जाते आणि विषय मंजूर होतो. त्या वेळी तीन वर्षांच्या नोंदींची वही घेऊन एखादी विद्यार्थिनी उभी राहिली आणि या माळावर गवताच्या इतक्या जाती आहेत, येथे धाविकाची पिल्ले दिसली, येथे अमुक इतके कळप चरतात, असे तिने वाचून दाखवले, तर निर्णय बदलेलच असे नाही. पण तो माहिती घेऊन होईल. प्रकल्प माळाच्या मध्यभागी न जाता एका कडेला, किंवा खालच्या क्षारपड पट्ट्यात जाऊ शकेल.

सूर्यप्रकाशाचा उपयोग आपण आज करू लागलो. माळावरचे गवत ते काम फार पूर्वीपासून करत आले आहे, आणि त्यावर मेंढ्या, चिंकारे, लांडगे व चंडोल जगत आले आहेत. एका सौरयंत्रणेच्या जागी दुसरी बसवताना पहिलीचा हिशेब मांडायला हवा, इतकेच आमचे म्हणणे आहे.